ऑक्टाव्हिया आरएसला सहा गिअरचा बॉक्स बसवताना फ्लायव्हील आणि क्लच कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २००५ ची, पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ टर्बो इंजिन, रीमॅप झालेलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलेलं. मूळचा पाच गिअरचा ०२जे बॉक्स तिसऱ्या गिअरला ओरडायला लागला म्हणून मुंबईच्या भंगार बाजारातून सहा गिअरचा ०२एम आणलाय. दुकानदार म्हणतो, सहा किलोचं अ‍ॅल्युमिनियम फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाला लागणारं जड चाक) आणि सहा बटणांची सिरॅमिक क्लच प्लेट घ्या, गाडी उडेल. मित्र म्हणतो, जुनं ड्युअल मास (दोन चाकं आणि मध्ये स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील) वेल्ड करून सॉलिड करू, पैसे वाचतील. गाडी रोज सोलापुरात फिरते आणि वर्षातून एखाद्या वेळी कोइमतूरच्या करी ट्रॅकवर जाते.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. ०२एम बॉक्ससाठीच बनलेलं २४० मिलिमीटर क्लचचं नवं ड्युअल मास फ्लायव्हील घ्या, त्याच्या जोडीची ऑरगॅनिक प्लेट (साध्या गाड्यांतली नेहमीची क्लच प्लेट) आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट घ्या, आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा रिलीज सिलिंडर नवाच टाका. तेवढं बजेट नसेल तर आठ-नऊ किलोचं स्टीलचं सिंगल मास फ्लायव्हील आणि स्प्रिंगवाली ऑरगॅनिक प्लेट. दुकानदाराचा सल्ला ट्रेलरवरून ट्रॅकला जाणाऱ्या गाडीसाठी ठीक आहे. मित्राचा सल्ला कुठल्याच गाडीसाठी ठीक नाही.

बहुतेक जण फ्लायव्हील इंजिनचा भाग समजून निवडतात. बोल्ट क्रँकला लागतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण बॉक्स बदलला की फ्लायव्हील बॉक्सच्या हिशोबाने घ्यावं लागतं. तुमच्या जुन्या ०२जे मध्ये क्लच फोर्कने दाबला जातो आणि स्लेव्ह सिलिंडर बॉक्सच्या बाहेर असतो. ०२एम मध्ये फोर्क नाही. इनपुट शाफ्टभोवती गोल हायड्रॉलिक सिलिंडर बसतो आणि त्याच्याच तोंडावर रिलीज बेअरिंग असतं. म्हणजे प्रेशर प्लेटची बोटं (मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, ज्यांना बेअरिंग दाबतं) किती उंचीवर येतात हे आता जिवावरचं माप झालं, आणि ते माप फ्लायव्हीलच्या जाडीवर ठरतं. जुन्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट चढवून 'बसतंय की' म्हणणाऱ्याला नेमकं हेच कळलेलं नसतं.

हे माप बॉक्स चढवायच्या आधी घ्यायचं. फ्लायव्हील, प्लेट आणि प्रेशर प्लेट इंजिनवर पूर्ण आवळा. इंजिनच्या मागच्या फेसपासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर सरळ पट्टी आणि डेप्थ गेजने मोजा. मग बॉक्सच्या बेल हाउसिंगच्या फेसपासून, पूर्ण मागे दाबलेल्या रिलीज बेअरिंगच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा. या दोन मापांतला फरक म्हणजे पिस्टनला मागे सरकायला उरलेली जागा. प्लेट झिजत जाते तशी बोटांची टोकं बॉक्सच्या दिशेने येतात आणि बेअरिंगला मागे ढकलतात. नव्या प्लेटवरच पिस्टन मागे टेकलेला असेल, तर थोड्याशा झिजेनंतर बेअरिंग बोटांवर कायमचं दाबून बसेल आणि चांगली प्लेट स्लिप मारायला लागेल. उलट जागा फारच जास्त असेल तर पेडल दाबताना पिस्टन गरजेपेक्षा पुढे जातो आणि सील सोडतो. मग बेल हाउसिंगमध्ये ब्रेक ऑइल, आणि बॉक्स परत खाली. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि सिलिंडर एकाच मूळ जोडीचे असतील तर हे माप कारखान्यानेच जुळवलेलं असतं. तीन ठिकाणचे तीन भाग एकत्र आणले की ते जुळवणं तुमच्या गळ्यात पडतं.

प्लेट इनपुट शाफ्टवर हाताने सरकवून बघा. दाते जुळले पाहिजेत आणि प्लेट स्वतःच्या वजनाने अलगद खाली आली पाहिजे. अडकत असेल तर पॉलिश पेपर मारत बसू नका, प्लेट चुकीची आहे. स्टार्टर मोटर सहा गिअरच्याच गाडीची घ्या, कारण ती बॉक्सला लागते आणि तिच्या पिनियनला रिंग गिअरशी, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेच्या दात्यांशी, जुळावं लागतं. एक क्लचबाहेरची गोष्टही आताच सांगून ठेवतो, नाहीतर फिटिंगच्या दिवशी काम अडेल: ०२एमचे ड्राइव्ह फ्लँज १०८ मिलिमीटरचे असतात, तुमच्या बॉक्सचे बहुधा १०० चे असतील. एक्सलचे आतले जॉइंट बदलावे लागतील. आणि आणलेला बॉक्स फ्रंट-व्हील ड्राइव्हचाच आहे ना, हे खाली बसून डोळ्यांनी बघा. ऑडी टीटी क्वाट्रो आणि एस३ मध्येही ०२एमच होता, पण त्याला मागच्या चाकांकडे जाणारा अँगल ड्राइव्ह लागतो. तो बॉक्स तुमच्या गाडीत सरळ बसत नाही.

आता ताकद. तुमचं इंजिन कारखान्यातून १५० पीएस आणि २१० न्यूटन-मीटरचं निघालं. याच इंजिनच्या २२५ पीएसच्या आवृत्तीत २८० न्यूटन-मीटर टॉर्क होता आणि तिला ०२एम बॉक्सच होता. छोट्या टर्बोवर रीमॅप केलं की टॉर्क साधारण २८०-३०० च्या घरात जातो, आणि मुख्य म्हणजे तो खालच्या आरपीएमला एकदम येतो. क्लचची परीक्षा टॉर्कवर होते. हॉर्सपॉवर विचारून क्लच विकणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

क्लच किती टॉर्क झेलेल याचा हिशोब सोपा आहे: घर्षणाच्या बाजू दोन, गुणिले घर्षणांक, गुणिले प्रेशर प्लेटचा दाब, गुणिले प्लेटची सरासरी त्रिज्या. २४० च्या प्लेटची सरासरी त्रिज्या १०० मिलिमीटर धरा, दाब ६,००० न्यूटन धरा, ऑरगॅनिकचा घर्षणांक ०.३ धरा. उत्तर येतं ३६० न्यूटन-मीटर. तुमच्या ३०० ला वीस टक्के वरकड. पण प्लेट तापली आणि घर्षणांक ०.२५ वर आला, की तोच क्लच ३०० वर येतो आणि वरकड शून्य. हे आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या सेटचा दाब निर्मात्याच्या तक्त्यात बघा. मुद्दा असा की थंड क्लचने सुटलेला हिशोब गरम क्लचने चुकतो, आणि सोलापुरात क्लच गरम होतोच. मे महिन्यात हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असते. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे तुम्ही हाफ क्लचवर रांगत असता. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत पार्क चौकातून गाडी काढून दाखवा, मग ट्रॅकवरच्या दहा लॅप सोप्या वाटतील.

मग जास्त दाबाची प्रेशर प्लेट घ्यावी का? थोडी जास्त चालेल. फार नको. दाब वाढला की पेडल जड होतं एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक वेळी क्लच दाबताना तोच दाब क्रँकला पुढे ढकलतो आणि तो क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल, आणि सात रस्त्यावर ती सगळ्यांनाच असते, तर इंजिनची झीज तिथूनच सुरू होते.

आता फ्लायव्हीलचं वजन. यावर जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कशावर नाही. हलकं फ्लायव्हील ताकद वाढवत नाही. इंजिनला स्वतःचंच चाक फिरवायला जी ताकद खर्चावी लागते ती वाचते, आणि ती किती वाचते हे गिअरवर ठरतं. मूळ ड्युअल मासच्या जागी हलकं चाक घातल्याने फिरतं जडत्व ०.०७ किलोग्रॅम-मीटर वर्गाने कमी झालं असं धरू. त्याला एकूण गिअर गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचं आणि टायरच्या त्रिज्येच्या वर्गाने भागायचं. तुमच्या १६ इंची टायरची त्रिज्या साधारण ०.३१६ मीटर, म्हणजे वर्ग ०.१. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १३ धरलं तर गाडी जणू ११८ किलोने हलकी झाली. तिसऱ्यात ६ धरलं तर २५ किलोने. सहाव्यात ३ धरलं तर जेमतेम सहा किलोने. म्हणजे फायदा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि तिथे तुमची पुढची चाकं आधीच जागेवर फिरतायत. हैदराबाद रस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना हलक्या फ्लायव्हीलने काही कळणार नाही. ट्रॅकवर मात्र खाली गिअर टाकताना आरपीएम पटकन जुळतात, तेवढा आनंद खरा आहे.

त्याची किंमत मोजावी लागते ती खाली, हजार आरपीएमला. तिथे मूळ फ्लायव्हीलमध्ये साधारण ६६० ज्यूल ऊर्जा साठलेली असते, हलक्यात २७५ च्या आसपास. क्लच सोडताना गाडी हलवायला हीच साठवण पहिल्यांदा वापरली जाते. ती कमी पडली की इंजिन बंद पडतं, म्हणून चालक आपसूक आरपीएम वाढवून क्लच सरकवत सोडायला लागतो. म्हणजे क्लच थंड ठेवायची गरज जिथे सर्वात जास्त, तिथेच हलकं फ्लायव्हील तो तापवतं.

आणि आवाज. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ८०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला सुमारे २७ झटके. ड्युअल मासमध्ये दोन चाकं आणि मध्ये लांब कमानीसारख्या स्प्रिंगा असतात. झटके तिथेच जिरतात आणि बॉक्सला गुळगुळीत फिरणं मिळतं. मागावर काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको, तिथेही ठोक्याचा झटका जड चाकच पोटात घेतं. हे सगळं काढून कडक सिंगल मास टाकलं की न्यूट्रलमध्ये बॉक्समधले मोकळे गिअर एकमेकांवर आपटून खडखडतात. ०२एम मध्ये गिअर जास्त, शाफ्ट जास्त, त्यामुळे खडखडही जास्त. क्लच दाबला की आवाज बंद होतो, सोडला की सुरू. याने बॉक्स लगेच तुटत नाही, पण शेजारचा माणूस काच खाली करून 'गाडीचं काय तुटलंय का?' विचारणार. तो आवाज सहन होणार असेल तरच सिंगल मासकडे वळा, आणि मग प्लेट स्प्रिंगवाल्या हबचीच लागेल. ड्युअल माससोबत येणाऱ्या प्लेटला बहुधा स्प्रिंगा नसतात, कारण ते काम फ्लायव्हील करतं. ती प्लेट उचलून सिंगल मासवर टाकली तर झटके जिरवणारं काहीच उरत नाही.

सिंगल मासमध्ये सहा किलोचं अ‍ॅल्युमिनियम नको म्हणतोय ते या साठवणीमुळे. आठ-नऊ किलोचं स्टील हा आपल्या वापराला झेपणारा मधला रस्ता आहे.

बटणांच्या सिरॅमिक प्लेटबद्दल फार लिहीत नाही. ती उष्णता झेलते, पकड जबरदस्त असते, पण ती एक तर पकडते किंवा सोडते, मधलं काही नाही. आसरा चौकातल्या चढ-उताराच्या गर्दीत दर दोन मीटरला गाडी धक्का मारत पुढे जाईल, फ्लायव्हीलचा फेस खाल्ला जाईल आणि इंजिन-बॉक्सचे माउंट लवकर जातील. ३०० न्यूटन-मीटरला तिची गरजच नाही.

मित्राच्या वेल्डिंगवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण हा जुगाड आपल्याकडे सर्रास चालतो. ड्युअल मासची दोन चाकं एकमेकांच्या संदर्भात फिरण्यासाठीच बनवलेली असतात. ती वेल्ड केली की उष्णतेने फेस वाकतो, आतलं ग्रीस जळतं, तोल बिघडतो आणि स्प्रिंगा नसलेल्या प्लेटवर सगळे झटके जातात. हे परवडतं असं वाटतं ते पहिले काही महिने. तसंच, ओतीव लोखंडाचं साधं फ्लायव्हील लेथवर कोरून हलकं करायचा मोह टाळा. सोलापुरात लेथवाल्यांचा हात उत्तम आहे, कॅमशाफ्टसाठी जगभर माल पाठवणारं हे गाव आहे. प्रश्न कारागिराचा नाही, धातूचा आहे. ७,००० आरपीएमला १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाची कडा सेकंदाला सुमारे १०३ मीटर वेगाने फिरते, म्हणजे ताशी ३७० किलोमीटर. त्या वेगाला ओतीव लोखंड बाहेरच्या बाजूला ताणलं जातं, आणि ताण हीच त्याची कमजोरी. त्यात लेथच्या हत्याराने कोपऱ्यात एक तीक्ष्ण खाच ठेवली की तडा तिथून सुरू होतो. फुटलेलं फ्लायव्हील बेल हाउसिंग फाडून बाहेर येतं, आणि पुढे तुमचे पाय असतात. हलकं हवंच असेल तर हलकं म्हणूनच बनवलेलं घ्या, बिलेट स्टीलचं (अखंड ठोकळ्यातून कोरलेलं), एसएफआय १.१ हे रेसिंगच्या भागांचं सुरक्षा प्रमाणपत्र असलेलं. लेथवाल्याकडे न्यायचं ते सिंगल मासच्या फेसिंगसाठी (प्लेट घासते तो फेस सपाट करण्यासाठी) आणि प्रेशर प्लेटसकट बॅलन्सिंगसाठी. फेसिंग करताना फेस आणि प्रेशर प्लेट बसते ती कडा यांच्यात पायरी असेल तर दोन्हीकडून सारखंच कापायला सांगा. फक्त फेस कापला तर प्लेटवरचा दाब कमी होतो.

बॉक्ससोबत जुनं ड्युअल मास फुकट मिळालं असेल तर मोह होणारच. दोन्ही चाकं हाताने एकमेकांविरुद्ध फिरवून बघा. थोडा मोकळा खेळ आणि मग स्प्रिंगचा जोर लागतो, तो ठीक. खेळ जास्त असेल, स्प्रिंग कुठेच जाणवत नसेल, चाक डुगडुगत असेल, कडेने ग्रीस बाहेर आलं असेल किंवा फेसवर निळे डाग असतील तर ते भंगारात. किती खेळ चालतो याचं माप प्रत्येक फ्लायव्हीलचं वेगळं असतं, निर्मात्याच्या तक्त्यातून घ्या. वापरलेल्याच्या भरवशावर बॉक्स चढवू नका असंच माझं मत आहे. तो बॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी नव्या फ्लायव्हीलच्या पैशांत धरून बघा.

फिटिंगच्या दिवशी गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा. क्रँकचं मागचं ऑइल सील नवीन टाका, आणि ते पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) असेल तर कोरडंच बसवायचं, तेल लावायचं नाही. जुन्या सवयीने हात तेलाच्या डब्याकडे जातोच. फ्लायव्हीलचे बोल्ट दर वेळी नवे. ते ६० न्यूटन-मीटर आणि पुढे ९० अंश असे समोरासमोरच्या क्रमाने आवळले जातात. सिंगल आणि ड्युअल मासच्या बोल्टची लांबी वेगळी असते, ते बदलून चालत नाही. प्रेशर प्लेट थोडी थोडी फिरवत सगळीकडून सारखी आवळा. ती सेल्फ-अ‍ॅडजस्टिंग प्रकारची असेल तर तिच्या खास टूलशिवाय हात लावू देऊ नका, आडवीतिडवी आवळली तर तिची अ‍ॅडजस्टिंग रिंग बसवतानाच फिरून जाते. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी पातळ, उरलेलं पुसून टाका. बॉक्स पूर्ण आवळला जाईपर्यंत क्लच पेडलला कोणीही पाय लावायचा नाही, नाहीतर पिस्टन सिलिंडरबाहेर. मग डॉट ४ ब्रेक ऑइलने प्रेशर ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा दाबाने काढणं. बॉक्समध्ये जीएल-४ ऑइल, जीएल-५ नको, सिंक्रोच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगांच्या) पितळेला ते मानवत नाही.

पहिले ७००-८०० किलोमीटर प्लेट बसू द्या. पण हैदराबादला जाऊन आलो, झाले सहाशे, असा हिशोब करू नका. हायवेवर क्लच एकदा लागला की तासभर सुटतच नाही, प्लेट बसणार कशी? हे किलोमीटर गावातले हवेत, होटगी रोड ते जुना पुणे नाका, हलक्या हाताने. फुल थ्रॉटल त्यानंतर. मग तुळजापूरच्या घाटात चौथ्या गिअरला दोन हजार आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा. गाडीच्या वेगाआधी टॅकोमीटरचा काटा पळाला तर क्लच सरकतोय.

कागदाचं एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. बॉक्स बदलल्याचं इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, पावत्या जपून ठेवा.

आणि ऑर्डर देताना दुकानदाराला गाडीचा चेसिस नंबर देऊ नका. त्यावरून तो पाच गिअरचा क्लच पाठवेल आणि ती चूक त्याची नसेल. नव्या बॉक्सवर तीन अक्षरांचा कोड ठोकलेला असतो. वायर ब्रशने घासून तो वाचा, फोटो काढा आणि तोच पाठवा.